जड झाकणाच्या पेटीला गॅस स्प्रिंग: आधी जागा ठरवावी, मग ताकद

खिडकीखाली बांधलेली बसायची पेटी ही लहान फ्लॅटमधली फार उपयोगाची सोय आहे. पाहुण्यांची अंथरुणे, हिवाळ्यातल्या रजया, वर्षातून एकदा लागणारे सणाचे सामान असे सगळे तिच्यात मावते. तिचे झाकण मात्र जड असते, कारण त्यावर माणसे बसणार म्हणून सुतार ते २५ मिमी प्लायचे करतो, वरून-खालून लॅमिनेट लावतो आणि कडेला लाकडी पट्टी मारतो. असे झाकण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने आतले सामान काढणे त्रासाचे असतेच, आणि हात सुटला तर बोटांना किंवा लहान मुलाच्या डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. यावर गॅस स्प्रिंग हा चांगला उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानात तिला ‘गॅस पंप’ किंवा ‘हायड्रॉलिक पंप’ म्हणतात आणि ती बहुधा जोडीने मिळते.

अडचण खरेदीच्या क्रमात आहे. बहुतेक ठिकाणी आधी दुकानातून अंदाजाने ‘दहा किलोचा पंप’ आणला जातो आणि मग तो जिथे सोयीचे दिसेल तिथे स्क्रूने बसवला जातो. मग झाकण एक तर बंद राहत नाही, नाहीतर अर्ध्यावरून खाली येते, आणि दोष पंपाला दिला जातो. प्रत्यक्षात स्प्रिंगची दोन टोके कुठे बसवली आहेत यावर झाकणाचे वागणे जितके अवलंबून असते, तितके ते स्प्रिंगच्या ताकदीवर नसते. म्हणून या लेखात पेटीचे एकच उदाहरण घेऊन वजन मोजण्यापासून शेवटचा स्क्रू बसवण्यापर्यंतचा क्रम दिला आहे. आकडे त्या उदाहरणाचे आहेत, पण पद्धत कोणत्याही जड झाकणाला लागू पडते.

स्प्रिंगवरचे आकडे

गॅस स्प्रिंग म्हणजे मोठ्या दाबाखाली नायट्रोजन भरलेली बंद नळी आणि तिच्यात सरकणारा गुळगुळीत दांडा. आत थोडे तेल असते. ते दांड्याभोवतीच्या सीलला, म्हणजे वायू अडवणाऱ्या कड्याला, ओलसर ठेवते आणि दांडा पूर्ण बाहेर येताना शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग कमी करते. स्प्रिंग घेताना तीन मापे पाहावीत: दांडा पूर्ण बाहेर असतानाची एकूण लांबी, स्ट्रोक म्हणजे दांडा जितका आत-बाहेर होतो ते अंतर, आणि नळीवर छापलेले न्यूटनमधले बल. एक किलो वजनाचा भार म्हणजे ९.८१ न्यूटन, त्यामुळे १०० न्यूटनची स्प्रिंग साधारण दहा किलोचा भार पेलते असे ढोबळपणे म्हणता येते. हे दहा किलो दांड्याच्या रेषेत असतात, झाकणाच्या पुढच्या कडेवर नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ टळतो.

छापलेले बल हे दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचे आणि २० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. दांडा आत जाऊ लागला की वायू दाबला जातो आणि बल वाढत जाते. घरगुती स्प्रिंगमध्ये ही वाढ पूर्ण दाबलेल्या स्थितीत सहसा २० ते ४० टक्के असते. पुढच्या हिशेबात ती ३० टक्के धरली आहे. म्हणजे १०० न्यूटनची स्प्रिंग झाकण बंद असताना, दांडा आत असताना, सुमारे १३० न्यूटनने ढकलत असते.

भार मोजणे

झाकणाचे वजन अंदाजाने धरू नये. साधारण ६५० किलो प्रति घनमीटर घनतेचे २५ मिमी प्लाय एका चौरस मीटरला १६ किलोच्या आसपास भरते, १८ मिमी एमडीएफ साडेतेरा किलो, ५ मिमी काच साडेबारा किलो, तर १८ मिमी ग्रॅनाइट जवळपास ४८ किलो. या आकड्यांवरून झाकण बनवण्याआधी कल्पना येते, पण लॅमिनेट, कडेच्या पट्ट्या, मूठ आणि गोंद धरून खरे वजन बरेच वेगळे निघू शकते.

मोजण्याची सर्वांत चांगली रीत अशी आहे की वजन आणि गुरुत्वमध्य वेगवेगळे शोधण्याच्या फंदात न पडता एकदम आघूर्णच मोजावे. आघूर्ण म्हणजे बिजागरीभोवती फिरवणारा जोर: बल गुणिले बिजागरीपासूनचे अंतर. झाकण बिजागरीवर बसलेले असेल तर प्रवासाची बॅग तोलण्याचा हुकाचा वजनकाटा घ्यावा, पुढच्या कडेच्या मध्यभागी मजबूत दोरी बांधून तो तिला अडकवावा आणि झाकण जेमतेम उचलले जाईल इतके सरळ वर ओढावे. काट्यावरचा आकडा, गुणिले ९.८१, गुणिले बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंतचे मीटरमधले अंतर, हे झाकण बंद असतानाचे आघूर्ण झाले. झाकण अजून बसवलेले नसेल तर मागची कड लाकडी पट्टीवर आणि पुढची कड वजनकाट्यावर टेकवून तोच आकडा मिळतो.

आपल्या उदाहरणातले झाकण १२०० मिमी लांब आणि ६०० मिमी खोल आहे. प्लाय ११.७ किलो, लॅमिनेट सुमारे १.८ किलो आणि पट्ट्या दीड किलो मिळून ते १५ किलो भरते. पुढच्या कडेवर काटा साडेसात किलो दाखवतो. ७.५ गुणिले ९.८१ गुणिले ०.६, म्हणजे ४४ न्यूटन-मीटर. गुरुत्वमध्य बरोबर मधोमध असल्याने १५ किलो आणि ३०० मिमी धरूनही उत्तर तेच येते.

झाकण उघडत जाते तसे हे आघूर्ण कमी होते. ४५ अंशांवर ते ३१ न्यूटन-मीटर राहते, ६० अंशांवर २२, आणि झाकण जवळजवळ उभे झाले की दोनतीनच उरते. स्प्रिंगने हा उतरता भार प्रत्येक टप्प्यावर साधारणपणे पेलला पाहिजे, आणि तिथेच जागेचा प्रश्न येतो.

पेटीवर गादी असेल तर ती धरायची की नाही हे आताच ठरवावे. गादी झाकणाला कायमची बांधलेली असेल तर तिच्यासह मोजमाप घ्यावे. ती सुटी असेल तर तिच्याशिवाय घ्यावे, कारण गादीसह हिशेब केलेली पेटी गादी धुण्यासाठी काढली की आपोआप उघडते. गादी झाकणासोबत मागे कलणार असेल तर तिच्या जाडीला भिंतीपाशी जागा लागते. त्यासाठी बिजागरी भिंतीलगत न घेता मागे एक स्थिर फळी सोडून पुढे घ्यावी.

जागा शोधणे

हा भाग घाईने करू नये. सगळे यश यावर आहे. जुन्या हार्डबोर्डवर किंवा जोडलेल्या वर्तमानपत्रांवर पेटीचा बाजूचा छेद पूर्ण मापात काढावा. बिजागरीच्या अक्षावर टाचणी टोचावी. पियानो बिजागरी, म्हणजे लांबच लांब सलग पट्टीची बिजागरी, असेल तर अक्ष म्हणजे तिच्या गोल नळीचा मध्य, प्लायची कड नव्हे. झाकणासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून ती त्या टाचणीवर फिरेल अशी लावावी. मग पट्टीवर एक बिंदू आणि पेटीच्या बाजूवर एक बिंदू घ्यावा आणि पट्टी बंद, ४५ अंश, ६० अंश आणि पूर्ण उघडी अशा चार स्थितींत फिरवून प्रत्येक वेळी दोन मापे घ्यावीत. पहिले माप दोन बिंदूंमधल्या अंतराचे. दुसरे माप दोन्ही बिंदू जोडणाऱ्या रेषेपासून बिजागरीच्या टाचणीपर्यंतच्या लंब अंतराचे, जे गुण्या (काटकोनी पट्टी) लावून सहज मिळते. या लंब अंतराला बलाची भुजा म्हणतात. स्प्रिंगचे बल गुणिले भुजा म्हणजे स्प्रिंगचे आघूर्ण, आणि तेच झाकणाच्या आघूर्णाशी ताडून पाहायचे असते.

सुरुवात कुठून करावी? जवळजवळ उभ्या होणाऱ्या झाकणासाठी स्ट्रोक झाकणाच्या खोलीच्या एक तृतीयांश धरावा. ६०० मिमी खोलीला २०० मिमी. झाकणावरचा बिंदू बिजागरीपासून स्ट्रोकच्या पाऊणपट अंतरावर, म्हणजे १५० मिमीवर घ्यावा. पेटीवरचा बिंदू त्याच्या जवळपास सरळ खाली, थोडा पुढे घ्यावा, आणि तो किती खाली हे असे ठरवावे की झाकण बंद असताना दोन बिंदूंमधले अंतर स्प्रिंगच्या पूर्ण दाबलेल्या लांबीपेक्षा किमान ५ मिमी जास्त राहील. ही ५ मिमीची राखीव जागा सोडलीच पाहिजे. ती नसेल तर झाकण टेकण्याआधी दांडा नळीत तळाला लागतो, आणि कोणी झाकणावर बसले की सगळा भार ब्रॅकेटच्या स्क्रूवर येतो.

उदाहरणासाठी ४६० मिमी पूर्ण लांबीची आणि २०० मिमी स्ट्रोकची स्प्रिंग घेऊ. दाबलेली लांबी २६० मिमी. स्प्रिंगचे टोक ब्रॅकेटवरच्या ज्या गोळीवर बसते तिला बॉल म्हणतात. झाकणावरच्या बॉलचा मध्य बिजागरीच्या अक्षापासून १५० मिमी पुढे आणि २५ मिमी खाली आहे. पेटीच्या बाजूवरच्या बॉलचा मध्य अक्षापासून १७० मिमी पुढे आणि २९० मिमी खाली आहे. झाकण बंद असताना दोघांमधले अंतर २६६ मिमी येते, म्हणजे ६ मिमी राखीव राहते. अंतर ४६० मिमी होते तेव्हा झाकण सुमारे ८७ अंश उघडलेले असते. भुजा बंद स्थितीत १४८ मिमी, ४५ अंशांवर १३४, ६० अंशांवर ११६ आणि पूर्ण उघडल्यावर ७६ मिमी भरते.

ताकद ठरवणे

आता दोन स्प्रिंगांचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकी १०० न्यूटन धरल्यास बंद स्थितीत, वाढलेल्या बलासह, दोघींचे मिळून आघूर्ण ३८ न्यूटन-मीटर होते. झाकणाचे ४४ आहे. फरक सहाचा, आणि तो ६०० मिमी पुढे असलेल्या हाताला जेमतेम एक किलोच्या भारासारखा जाणवतो. झाकण आपल्या वजनाने बंद राहते आणि तरीही बोटाने उचलता येते. ४५ अंशांवर स्प्रिंगा ३० देतात आणि ३१ लागतात, म्हणजे बिजागरीच्या घर्षणामुळे झाकण तिथे बहुधा थबकते. सुमारे ५० अंशांवर दोन्ही बाजू बरोबर होतात आणि पुढे झाकण स्वतःच वर जाते. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगा १५ न्यूटन-मीटरने धरून ठेवतात, तर झाकण दोनतीननेच खाली ओढते. माझ्या मते घरगुती पेटीसाठी हेच वागणे उत्तम: बंद असताना थोडे जड, मध्यावर तोललेले आणि वर भक्कम.

त्याच जागी ८० न्यूटनची जोडी लावली तर सुरुवातीला सव्वादोन किलोच्या आसपास जोर लागतो आणि झाकण ६५ अंशांच्या पुढे गेल्यावरच थांबते. वृद्ध माणसे ते वापरणार नसतील तर तेही चालेल. १२० न्यूटनची जोडी मात्र बंद स्थितीत ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाते, म्हणजे झाकण मिटलेले राहत नाही आणि मग वरून कडी लावावी लागते. जास्त ताकद म्हणजे जास्त चांगले, या समजापायी होणारी चूक ती हीच.

जागेचे महत्त्व कळण्यासाठी दुसरी मांडणी पाहावी. ३६० मिमी लांबीची, १५० मिमी स्ट्रोकची, तितक्याच १०० न्यूटनची जोडी घेतली. झाकणावरचा बिंदू २०० मिमीवर आणि पेटीवरचा बिंदू मागच्या कोपऱ्यात, अक्षापासून फक्त २८ मिमी पुढे आणि १६३ मिमी खाली ठेवला. कोपरा मोकळा असतो आणि सामान अडत नाही म्हणून ही जागा सुतारांना आवडते. बंद स्थितीत या मांडणीचे आघूर्ण ३७ येते, म्हणजे पहिल्या मांडणीइतकेच, आणि पहिल्यांदा उचलताना दोन्ही पेट्या सारख्याच हलक्या वाटतात. पण ४५ अंशांवर भुजा ९३ मिमीच उरल्याने स्प्रिंगा २० न्यूटन-मीटर देतात, तर लागतात ३१. पुढच्या कडेला जवळपास दोन किलोचा भार परत हातावर येतो, आणि हात सोडला की झाकण पडते. शेवटी, ८५ अंशांवर, भुजा ३५ मिमी राहते आणि झाकण जेमतेम टिकते. बाहेरून धक्का लागला तर खाली येऊ शकते. स्प्रिंगची ताकद तीच, झाकण तेच. बदलली ती फक्त बॉलची जागा. म्हणून दुकानात फक्त बंद झाकण उचलून ‘हलके झाले’ असे ठरवू नये. ४५ अंशांवर सोडून पाहावे.

तापमानाचा परिणाम आपल्याकडे लक्षात घेण्याजोगा आहे. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि बल दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचे तापमान ४५ अंशांपर्यंत गेले तर बल साडेआठ टक्क्यांनी वाढते. आपली १०० न्यूटनची जोडी तेव्हा बंद स्थितीत ३८ ऐवजी ४१ देईल, म्हणजे झाकण अजूनही बंद राहील. ११० न्यूटनची जोडी मात्र डिसेंबरात नीट वागून मे महिन्यात ४५ च्या पुढे जाईल आणि झाकण आपोआप वर येऊ लागेल. उलट निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा १० अंशांवर आला की बल साडेतीन टक्क्यांनी घटते, जे क्वचितच जाणवते. विदर्भात किंवा पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या खिडकीखाली पेटी असेल तर दोन आकड्यांमधला लहान आकडा निवडावा.

वजन नक्की माहीत नसेल, उदाहरणार्थ गादी अजून शिवायची असेल, तर झडप असलेली स्प्रिंग मिळाल्यास घ्यावी. तिच्यातला वायू थोडा थोडा सोडून बल कमी करता येते, पण परत वाढवता येत नाही. वायू सोडताना झडप वर आणि दांडा खाली ठेवावा, नाहीतर तेलही बाहेर येते. एकदम सोडू नये. अगदी थोडा सोडून झाकण तपासावे आणि मग पुढे जावे.

बसवणे

साठ सेंटिमीटरपेक्षा रुंद झाकणाला दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग लावावी. एकच लावली तर झाकण तिरके उचलले जाते आणि बिजागरी एका टोकाला उखडते. दोन्ही स्प्रिंगा एकाच मापाच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात.

बिजागरीकडे स्प्रिंगपेक्षाही आधी लक्ष द्यावे. झाकण बंद असताना दोन स्प्रिंगा मिळून ते २५० न्यूटनपेक्षा जास्त बलाने वर ढकलत असतात, तर झाकणाचे एकूण वजन दीडशे न्यूटनच्या आतच असते. उरलेला जोर, सुमारे बारा किलोच्या भाराइतका, बिजागरीला सतत वर उपटत असतो. गॅस स्प्रिंग लावल्यावर काही महिन्यांनी झाकण मागच्या बाजूने उचललेले दिसते, त्याचे हेच कारण. म्हणून पूर्ण लांबीची पियानो बिजागरी वापरावी, तिच्या प्रत्येक भोकात स्क्रू घालावा आणि पेटीच्या मागच्या फळीची कड पार्टिकल बोर्डची असेल तर तिथे आधी लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने पक्की करावी.

ब्रॅकेटसाठी कागदावरच्या खुणा पेटीवर उतरवताना मापे पेटीच्या कडेपासून न घेता बिजागरीच्या अक्षापासून घ्यावीत. दोन्ही बॉलचे मध्य बाजूच्या फळीपासून सारख्याच अंतरावर असले पाहिजेत, म्हणजे स्प्रिंग फळीला समांतर चालेल. हे अंतर नळीच्या निम्म्या व्यासापेक्षा किमान ५ मिमी जास्त असावे. १८ मिमी व्यासाच्या नळीसाठी १५ मिमी पुरेसे आहे. बॉल जोड थोडा तिरकेपणा सहन करतो, पण दांड्यावर बाजूने येणारा जोर सीलला एका बाजूने झिजवतो आणि स्प्रिंगचे आयुष्य तिथेच कमी होते. प्लायमध्ये आठ नंबरचे स्क्रू पुरतात. त्यांच्यासाठी ३ मिमीचे भोक आधी पाडावे आणि स्क्रूची लांबी फळीच्या जाडीपेक्षा दोनतीन मिमी कमी ठेवावी. बाजू पार्टिकल बोर्डची असेल तर ब्रॅकेटखाली १२ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा फेविकॉल आणि स्क्रूने बसवून त्यावर ब्रॅकेट लावावे, अन्यथा दाबाने भोके मोठी होत जातात. हा तुकडा लावला तर बॉल तेवढा आत सरकतो, म्हणून झाकणाच्या ब्रॅकेटची खूणही तितकीच आत घ्यावी.

स्प्रिंग नेहमी झाकण उघडे ठेवून बसवावी. झाकण ठरलेल्या कोनात उघडून त्याला मजबूत लाकडी काठीचा टेका द्यावा किंवा दुसऱ्या माणसाने ते धरावे. या स्थितीत दांडा पूर्ण बाहेर असतो, त्यामुळे स्प्रिंग दाबावी लागत नाही आणि दोन्ही टोके बॉलवर टिचकन बसतात. बंद झाकणात स्प्रिंग हाताने दाबून घुसवण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे. ती निसटली तर तोंडावर येते. टोके जुळत नसतील तर खूण चुकली आहे असे समजावे आणि ब्रॅकेट सरकवावे, स्प्रिंग ओढूनताणून बसवू नये.

नळी झाकणाकडे आणि दांडा पेटीकडे, म्हणजे दांडा खालच्या दिशेला, अशी स्प्रिंग बसते. दांडा खाली असला की आतले तेल सीलपाशी साचून राहते, सील कोरडे पडत नाही आणि उघडताना शेवटचा धक्काही सौम्य होतो. उलटी बसवलेली स्प्रिंग पहिल्या दिवशी तशीच चालते, म्हणूनच ही चूक लगेच लक्षात येत नाही.

दोन्ही बाजू बसल्यावर टेका काढून झाकण हाताने धरून जवळजवळ बंद होईपर्यंत खाली आणावे, राखीव अंतर तपासावे, मग हळूहळू पूर्ण बंद करावे. नवी स्प्रिंग बराच काळ पडून राहिलेली असेल तर पहिल्या काही वेळा ती अडखळते. आठदहा वेळा उघडझाप केल्यानंतरच तिच्याबद्दल मत बनवावे. झाकण जास्त मागे ढकलले जाण्याची शक्यता असेल, विशेषतः मुले त्यावर रेलत असतील, तर कापडी पट्टा किंवा भिंतीवर रबरी अडसर लावावा. वरच्या कडेवर पाच किलोच्या जोराने मागे ढकलले तरी भुजा लहान असल्याने प्रत्येक दांड्यावर जवळपास वीस किलोची ओढ येते, आणि स्प्रिंग ढकलण्यासाठी बनवलेली असते, ओढ सोसण्यासाठी नाही.

मुलांच्या घरात आणखी एक गोष्ट पाळावी. अशा पेटीला आपोआप अडकणारी कडी लावू नये आणि बाजूला हवेसाठी भोके ठेवावीत. लपाछपी खेळताना मूल आत गेले तर एक-दोन किलोच्या जोराने झाकण आतून ढकलता आले पाहिजे.

वरच्या कपाटाचे आणि पलंगाचे वेगळेपण

स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाच्या वर उघडणाऱ्या शटरला हाच हिशेब उलटा लागू होतो. ते बंद असताना उभे लटकलेले असते, त्यामुळे त्याचे आघूर्ण जवळपास शून्य असते, आणि आडवे झाल्यावर सर्वांत जास्त होते. म्हणून तिथे ताकद ९० अंशांच्या स्थितीवरून ठरवावी आणि बंद स्थितीत स्प्रिंगची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून, शक्य असल्यास तिच्या किंचित पलीकडून जाईल अशी जागा निवडावी. मग स्प्रिंग शटर उघडण्याऐवजी बंदच दाबून धरते. अशा मांडणीत स्प्रिंग उघडझाप करताना दिशा बदलते, त्यामुळे जी स्थिती जास्त वेळ असते, म्हणजे बंद, तिच्यात दांडा खाली राहील असे पाहावे. त्याबरोबरच बसवण्याआधी घरातल्या सर्वांत बुटक्या व्यक्तीचा हात उघड्या शटरच्या कडेला पोचतो का, हेही पाहावे.

हायड्रॉलिक पलंगाच्या स्प्रिंगा मात्र हजार न्यूटनच्या घरातल्या असतात आणि त्यांचा हिशेब गादीसह केलेला असतो. गादी काढल्यावर तो पलंग हाताने बंद करणे अवघड असते आणि वर उसळणारी चौकट जोरात लागू शकते. त्या स्प्रिंगा घरच्या घरी जोडू किंवा काढू नयेत.

निगा आणि बदली

दांड्याला तेल, ग्रीस किंवा रंग लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. पकडीने दांडा धरल्यास पडलेला बारीकसा ओरखडाही सील कापतो. कोकणात, समुद्राकाठच्या घरात, दांड्यावर गंजाचे ठिपके येतात आणि सील त्यानेच जाते. तिथे स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग घ्यावी, किंमत जास्त असली तरी. घरात रंगकाम किंवा पॉलिश चालू असेल तर दांड्याला प्लास्टिक गुंडाळून ठेवावे.

वायू सीलमधून हळूहळू निसटत असतो, त्यामुळे काही वर्षांनी झाकण जड होऊ लागते. हे ओळखण्यासाठी बसवल्याच्या दिवशी पुढच्या कडेला वजनकाटा लावून उचलण्याचा जोर मोजावा आणि तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावा. आपल्या उदाहरणात तो एक किलोच्या आसपास असेल. सोबत स्प्रिंगची लांबी, स्ट्रोक आणि बलही लिहावे, कारण नळीवरची छपाई कालांतराने पुसली जाते आणि मग दुकानात काय मागायचे हा प्रश्न पडतो. जोर दुप्पट-तिप्पट झाला किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला की दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी ठेवल्यास झाकण पिळते.

काढतानाही झाकण पूर्ण उघडे आणि टेका दिलेले असावे. बॉल सॉकेटवर एक तारेची क्लिप असते. ती बारीक चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडी बाहेर उचलावी, पूर्ण काढू नये, आणि टोक बॉलवरून ओढून घ्यावे. निकामी झालेल्या स्प्रिंगमध्येही बराच दाब शिल्लक असू शकतो. तिला भोक पाडणे, कापणे, तापवणे किंवा जाळात टाकणे जिवावर बेतू शकते, म्हणून ती भंगारवाल्याला देताना आत दाबाचा वायू आहे हे त्याला स्पष्ट सांगावे.